तापलेल्या खाऱ्या पाण्यात जिवाणू तग कसा धरतात?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये गावाजवळच्या मिठागरात गेलो होतो. वाफ्यातले पाणी चांगलेच तापलेले होते आणि काही वाफे गुलाबी झाले होते. एवढ्या मिठात आणि उन्हात जिवाणू जगतात कसे? ते गरजेप्रमाणे आपली जनुके बदलून घेतात का? पुस्तकात 'अनुकूलन होते' एवढेच आहे. म्हणजे नेमके काय होते?"

मीठप्रेमी सूक्ष्मजीवांबरोबर माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी 'गरजेप्रमाणे' हा शब्द बाजूला ठेवू. पाणी खारट झाले म्हणून कोणताही जिवाणू आपल्या डीएनएत मुद्दाम सोयीचा बदल करत नाही. 1943 साली ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी हे विषाणूंना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर दाखवले. वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंवर त्यांनी विषाणू सोडले. काही नळ्यांतून वाचलेले जिवाणू शेकड्यांनी निघाले, तर काहींतून एकही नाही. विषाणू पाहून बदल झाला असता तर सगळ्या नळ्यांतले आकडे साधारण सारखे आले असते. बदल आधीच, कुठेही, कधीही होऊन गेलेले होते, विषाणूने फक्त निवड केली. 1952 मध्ये लेडरबर्ग दांपत्याने मखमलीच्या कापडाने एका प्लेटवरच्या वसाहतींचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उठवून हेच आणखी स्वच्छपणे दाखवले. मिठाचे आणि उन्हाचेही तसेच आहे. एक मिलिलीटर कल्चरमध्ये कोट्यवधी पेशी असतात आणि डीएनएची प्रत काढताना चुका होतच असतात. एखादी चूक कामाची निघते, तिचे वंशज उरतात, बाकीचे मागे पडतात.

गोंधळ होतो तो 'अनुकूलन' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो म्हणून. पहिली गोष्ट मिनिटांत घडते: असलेली जनुके चालू-बंद होतात, डीएनए तोच राहतो. दुसरीला शेकडो पिढ्या लागतात: डीएनएतली अक्षरे बदलतात आणि ते बदल टिकतात. तिसरीला लाखो वर्षे लागतात: सगळ्या प्रथिनांचा घाट बदलतो, शेजाऱ्याची जनुके आपली होऊन बसतात. मिठागरात तुम्ही पाहिलेले जीव तिसऱ्यातून घडलेले. प्रयोगशाळेत विद्यार्थी बहुधा पहिले पाहतात आणि दुसरे पाहिल्यासारखे लिहितात. परीक्षक म्हणून हे मी इतक्यांदा वाचले आहे की इथे स्पष्ट सांगावेसे वाटते.

आता मिठाकडे येऊ. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पाणी सुटते. जिवाणूच्या पेशीचेही तेच होते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, तर मीठ बसू लागलेल्या वाफ्यात पंचवीस टक्क्यांच्या पुढे. तिथल्या पाण्याची क्रियाशीलता 0.75 पर्यंत उतरलेली असते, म्हणजे पाणी आहे पण जिवाला वापरता येईल असे थोडेच. पेशीने काही केले नाही तर तिच्यातले पाणी बाहेर जाणार आणि ती आक्रसणार. यातून सुटण्याचे दोन मोठे मार्ग आहेत आणि जनुकांची सगळी कथा या दोन मार्गांवरून जाते.

पहिला मार्ग: मीठ आत घ्यायचे. सोडियम बाहेर ढकलायचे आणि पोटॅशियम इतके भरायचे की आतबाहेर समतोल होईल. शक्तीच्या हिशेबात हा मार्ग स्वस्त आहे. पण त्याची किंमत जीनोममध्ये, म्हणजे जिवाच्या सगळ्या डीएनएत, मोजावी लागते, कारण पेशीतले प्रत्येक प्रथिन आता दाट मिठात काम करणार असते. साधे प्रथिन अशा मिठात गोळा होऊन तळाला बसते. त्यावर उपाय म्हणजे प्रथिनाच्या पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट ही ऋण भाराची अमिनो आम्ले दाट पेरणे आणि लायसिन कमी करणे. हे ऋण भार आयनांसकट पाण्याचा पातळ थर प्रथिनाभोवती धरून ठेवतात. एका जनुकात असा बदल करून भागत नाही. हजारो जनुकांतली अक्षरे या दिशेने सरकावी लागतात आणि एकदा सरकली की परतीची वाट नसते.

ही नसलेली वाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. नवीन आलेल्या एका विद्यार्थिनीने लालसर कल्चर सेंट्रिफ्यूज करून गोळा केले आणि नेहमीच्या सवयीने ते डिस्टिल्ड वॉटरने धुतले. गढूळ गुलाबी द्रव काही क्षणांत नितळ झाला. लूप बुडवून वर काढला तर शेंबडासारखी लांब तार आली. तो फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए होता. तीन आठवड्यांचे काम गेले. पण त्या तारेकडे बघत मी तिला जे समजावू शकलो ते फळ्यावर कधीच जमले नसते: हे जीव मीठ नुसते सोसत नाहीत, त्यांना मीठ लागते. त्यांच्या भिंती आणि प्रथिने मिठाच्या आधाराने उभी असतात.

ते कल्चर आर्कियांचे होते, म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर जिवाणूंचे नव्हे: आर्किया जिवाणूंसारखे दिसतात, पण त्यांचे साम्राज्य वेगळे. तुम्ही पाहिलेला गुलाबी रंगही बहुतांशी त्यांचाच असणार, सोबत ड्युनॅलिएला या शेवाळाचा. खूप वर्षे असाच समज होता की दाट मिठाच्या वाफ्यात आर्कियाच राहतात, खरे जिवाणू नाहीत. मग 2000 च्या सुमारास स्पेनमधल्या मिठागरांत आरएनएच्या खुणांवरून एक वेगळाच जीव दिसला आणि 2002 मध्ये त्याचे बारसे झाले: सॅलिनिबॅक्टर रूबर. हा अस्सल जिवाणू आहे. पंधरा टक्क्यांखाली मीठ उतरले तर तो वाढत नाही, आणि 37 ते 47 अंश सेल्सिअस त्याला मानवते, म्हणजे आपल्या एप्रिलमधल्या वाफ्याचेच तापमान. 2005 मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला तेव्हा आम्हा सगळ्यांना जाग आली. प्रथिने आर्कियांसारखी आम्लधर्मी, आत पोटॅशियम भरलेले, आणि प्रकाशावर चालणारे ऱ्होडॉप्सिनचे पंपसुद्धा होते. यातले बरेचसे त्याने स्वतंत्रपणे, त्याच दडपणाखाली, हळूहळू मिळवले. काही जनुके मात्र सरळ शेजारच्या आर्कियांकडून आली आहेत. एकाच वाफ्यात पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या जिवांमध्ये डीएनएची देवघेव होते आणि वेगळ्या साम्राज्यातला शेजारी असला तरी ती अडत नाही.

या जिवाणूबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी शिकवली जात नाही. एकाच ठिकाणी नांदणाऱ्या, प्रजाती ओळखायला वापरतात त्या जनुकावरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या त्याच्या दोन वाणांची तुलना केली, तर प्रत्येकाची साधारण दहा टक्के जनुके दुसऱ्यात सापडली नाहीत. त्यामुळे 'या प्रजातीची जनुके' असे आपण म्हणतो तेव्हा थोडे जपून बोलावे. प्रत्येक वाणाकडे स्वतःची शिदोरी असते.

दुसरा मार्ग अगदी उलटा आहे. मीठ बाहेरच ठेवायचे आणि आतला समतोल साध्या, विरघळणाऱ्या, कोणाच्या कामात लुडबूड न करणाऱ्या सेंद्रिय रेणूंनी साधायचा: ग्लायसिन बीटेन, एक्टोइन, ट्रेहॅलोज, प्रोलीन. असे रेणू बनवायला खूप ऊर्जा लागते. फायदा असा की प्रथिने बदलावी लागत नाहीत. काही जनुके हाती आली की काम होते. एक्टोइनसाठी तीन पुरतात: एक्टए, एक्टबी, एक्टसी. ती बहुधा शेजारी-शेजारी एका रांगेत बसलेली असतात, त्यामुळे एका घासात दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणूनच हा मार्ग जिवाणूंच्या कितीतरी कुळांत पसरलेला दिसतो, आणि पहिला मार्ग मोजक्यांतच.

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावरच्या मिठागरातून मिळालेला हॅलोमोनास इलाँगाटा यातला नामांकित. तो दहा टक्के मिठात वाढवायचा, पोटात एक्टोइन भरू द्यायचे, मग एकदम दोन टक्के मिठात टाकायचा. पेशी फुटू नये म्हणून तो दाबाने उघडणाऱ्या झडपांतून एक्टोइन बाहेर सोडतो. पुन्हा दहा टक्क्यांत नेला की पुन्हा भरतो. जर्मनीत 1998 मध्ये या पद्धतीला 'जिवाणू दोहणे' असे नाव मिळाले, आणि ते तंतोतंत बसते. तुमच्या घरातल्या एखाद्या क्रीमच्या डबीवर एक्टोइन लिहिलेले असेल तर ते असे दोहून आलेले असू शकते.

आता उष्णता. अंडे उकडले की पांढरे का घट्ट होते हे तुम्हाला माहीत आहे: प्रथिनाची घडी उलगडते आणि उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात. उष्णताप्रेमी जिवाणूंच्या प्रथिनांत ही घडी जास्त घट्ट असते. आतला गाभा दाट भरलेला, सैल फासे आखूड, आणि पृष्ठभागावर धन आणि ऋण भारांच्या जोड्या एकमेकांना धरून ठेवणाऱ्या. 2007 मध्ये अनेक जीनोमांची तुलना झाली तेव्हा असे दिसले की आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, ग्लुटामेट आणि ल्युसिन या सात अमिनो आम्लांचे प्रथिनांतले एकूण प्रमाण पाहून जीव कोणत्या तापमानाला रमतो याचा चांगला अंदाज बांधता येतो.

इथे एक चूक हमखास होते. जी आणि सी या अक्षरांच्या जोडीत तीन बंध असतात, म्हणून उष्ण पाण्यातल्या जिवाणूच्या जीनोममध्ये जी-सी जास्त असणार, असे पुष्कळ मुले लिहितात. ऐकायला पटते, पण तसे नाही. 1997 मध्येच दाखवले गेले की पूर्ण जीनोमच्या जी-सी प्रमाणाचा आणि तापमानाचा संबंध लागत नाही. संबंध लागतो तो प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएत आणि त्याला अमिनो आम्ले आणून देणाऱ्या टीआरएनएत, कारण ते एकेरी धागे स्वतःवरच घडी घालून उभे असतात. डीएनएला वाचवायला इतर साधने आहेत: प्रथिने, आयन, आणि अतिउष्ण पाण्यातल्या जिवांत रिव्हर्स गायरेज हे डीएनएला उलटा पीळ देणारे एन्झाइम.

उष्णता आणि मीठ वेगवेगळे असताना हे सगळे छान बसते. दोन्ही एकत्र आले की मात्र पेच पडतो, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथे दिसतो.

उष्णतेला टिकणारे प्रथिन धन-ऋण जोड्यांवर उभे असते. मीठ वाढले की आयनांची गर्दी त्या जोड्यांमध्ये शिरते आणि भारांची एकमेकांवरची ओढ झाकली जाते. उष्णतेत लायसिन, आर्जिनिन उपयोगाचे, तर मीठ आत घेणाऱ्या पेशीत लायसिन नकोसे. दाट ऋण भारांचा पृष्ठभाग मिठात उत्तम, पण ते भार एकमेकांना ढकलत असतात आणि उष्णतेत ते ढकलणे घडी सैल करू शकते. थोडक्यात, दोन ताण एकाच प्रथिनाला दोन बाजूंनी ओढतात. वर तापलेल्या दाट पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो. म्हणून 60 अंश आणि दहा-वीस टक्के मीठ अशा ठिकाणी राहणारे जीव मोजकेच आहेत, आणि त्यातले बरेच ऑक्सिजनाशिवाय जगणारे.

त्यातला माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारा म्हणजे हॅलोथर्मोथ्रिक्स ओरेनी. ट्युनिशियातल्या खाऱ्या सरोवराच्या गाळातून मिळालेल्या या जिवाणूचे वर्णन 1994 मध्ये झाले. 60 अंश आणि दहा टक्के मीठ त्याला सर्वांत मानवते, 68 अंशांपर्यंत आणि वीस टक्क्यांपर्यंत तो तग धरतो. त्याचे कूळ मीठ आत घेणारे मानले जात होते, म्हणून सगळ्यांची अपेक्षा अशी की प्रथिने आम्लधर्मी असणार. त्या कुळावरच्या जुन्या मोजमापांतही तसेच आले होते. 2009 मध्ये त्याचा सुमारे 26 लाख अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि प्रथिने काढून पाहिली तर ऋण भारांचा असा काही साठा नव्हताच.

मग जुनी मोजमापे चुकली कुठे? हे समजून घेण्यासारखे आहे. तेव्हा प्रथिनातली अमिनो आम्ले मोजायची म्हणजे प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तासन् तास तापवून तोडायचे. त्या आम्लात ग्लुटामिनचे ग्लुटामेट होते आणि अ‍ॅस्पॅराजिनचे अ‍ॅस्पार्टेट. भार नसलेले अमिनो आम्ल मोजताना भार असलेले म्हणून धरले जाते. प्रथिन आम्लधर्मी नव्हते, आपली मोजण्याची रीत त्याला आम्लधर्मी करत होती. पुढे 2012 मध्ये त्या कुळातल्या जीनोमांची नीट तपासणी होऊन हे पक्के झाले. ज्यांच्या नावावरून या जिवाणूला 'ओरेनी' म्हणतात ते अहरोन ओरेन स्वतः त्या कामात होते. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो.

याच जिवाणूचे स्टार्च तोडणारे एक अ‍ॅमायलेज 65 अंशांना काम करते आणि पंचवीस टक्के मिठातही चालू राहते. त्याची त्रिमिती रचना पाहिली तर पृष्ठभाग ऋण भारांनी माखलेला नाही. म्हणजे पेच सोडवण्याची तिसरी तऱ्हा असू शकते: पृष्ठभागावरचे भार न वाढवता गाभा आणि जोडण्या मजबूत करणे. नेमका कोणत्या बदलाने किती फरक पडतो यावर अजून काम चालू आहे, आणि तुमच्यासारख्या नवीन मुलांना तिथे जागा आहे.

आता जनुकांच्या पातळीवरचे मला सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण. आइसलँडच्या किनाऱ्यालगत, समुद्राच्या उथळ तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत. 1988 मध्ये तिथून ऱ्होडोथर्मस मरायनस वर्णिला गेला. त्याला 65 अंश हवे आणि थोडे मीठही हवे. भरतीच्या वेळी समुद्राचे थंड खारे पाणी येते, ओहोटीला झऱ्याचे गरम गोडे पाणी उरते, म्हणजे दिवसातून दोनदा दोन्ही ताण खालीवर होतात. हा जिवाणू मॅनोसिलग्लिसरेट नावाचा रेणू साठवतो, जो पाण्याचा समतोलही राखतो आणि प्रथिनांची घडीही सांभाळतो. गंमत ही की हा एकच रेणू बनवायचे दोन रस्ते त्याच्या जीनोममध्ये आहेत. एक एका पायरीचा, एक दोन पायऱ्यांचा. 2004 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी दाखवले की उष्णता वाढली की एका पायरीचा रस्ता जोर धरतो, आणि मीठ वाढले की दोन पायऱ्यांचा. माल तोच, कारखाने दोन, आणि प्रत्येकाची घंटा वेगळी.

दुसरे उदाहरण याहून साधे. क्रोमोहॅलोबॅक्टर सॅलेक्सिजेन्स हा मीठप्रेमी जिवाणू एक्टोइन तर बनवतोच, शिवाय एक्टडी या चौथ्या जनुकाच्या मदतीने त्यावर एक हायड्रॉक्सिल गट चढवतो. ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच फरक. 2006 मध्ये ते जनुक बंद करून पाहिले तेव्हा मिठातली वाढ फारशी अडली नाही, पण जास्त तापमानाला तो वाण कोलमडला. मिठासाठी घडलेली यंत्रणा एका जनुकाच्या भरीने उष्णतेच्या कामाला लागली. माझे मत विचाराल तर उष्ण-खाऱ्या जागेतले बहुतेक अनुकूलन असेच होत असावे: नवे काही उभारण्याऐवजी जुन्याला थोडी जोड देऊन. त्याचे कारणही आहे. दोन्ही ताणांत शेवटी प्रश्न एकच असतो, प्रथिनाची घडी आणि तिच्याभोवतीचे पाणी. म्हणून जो रेणू एकाला उपयोगी पडतो तो दुसऱ्यालाही बऱ्याचदा पडतो.

पेशीच्या पटलाबद्दल थोडे, पण महत्त्वाचे. तापमान वाढले की पटल सैल होते आणि त्यातून आयन झिरपतात. बाहेर सोडियमचा डोंगर असताना हे झिरपणे परवडत नाही, कारण सोडियम आत साठला की पेशीचे काम थांबते. म्हणून या जिवाणूंत सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेणारे पंप असतात. इजिप्तच्या वादी नत्रूनमधून 2007 मध्ये वर्णिलेला नॅट्रानिरोबियस थर्मोफिलस 53 अंश, पीएच 9.5 आणि साडेतीन मोलरच्या आसपास सोडियम अशा तिहेरी त्रासात वाढतो. त्याच्याकडे असे पंप एक-दोन नव्हे, चांगलेच पुष्कळ आहेत. शिवाय तो पोटॅशियमही साठवतो आणि ग्लायसिन बीटेनही, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरतो. पुस्तकातली दोन खणांची मांडणी इथे मोडते, आणि ती मोडू द्यावी.

मिनिटांत घडणाऱ्या बदलांबद्दल आता सांगतो. एश्चेरिचिया कोलायमध्ये उष्णतेचा इशारा देणाऱ्या सिग्मा-32 या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए 30 अंशांना स्वतःवर घडी घालून बसलेला असतो. रायबोसोमला सुरुवातीची जागाच सापडत नाही. 42 अंशांना ती घडी सुटते आणि प्रथिन बनू लागते. मधे कोणी निरोप्या नाही, आरएनए स्वतःच तापमापक. मिठाचा झटका बसला की आधी पोटॅशियम आत धावतो, मग सेंद्रिय रेणू त्याची जागा घेतात. बॅसिलस सबटिलिसमध्ये तर सिग्मा-बी हे एकच नियंत्रण उष्णता, मीठ आणि अल्कोहोल या तिन्हींना जागे होते. म्हणून थोडे मीठ दाखवून तयार केलेल्या पेशी नंतर उष्णताही जास्त सोसतात. हे प्रॅक्टिकलमध्ये सहज दिसते. पण लक्षात ठेवा, साध्या पाण्यात परत आणल्या की ती सहनशक्ती ओसरते. टिकली तरच जनुक बदलले म्हणा, तेही सिक्वेन्सिंग केल्यावर.

पिढ्यांच्या वेगाने काय होते हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छान दिसते. एश्चेरिचिया कोलायचे 115 स्वतंत्र समूह 42.2 अंशांना 2000 पिढ्या वाढवले आणि प्रत्येकातला एकेक जीनोम वाचला. एकूण 1331 बदल सापडले. नेमके तेच अक्षर फार थोड्यांत बदलले होते, पण तीच जनुके पुन्हा पुन्हा येत होती. काहींनी डीएनएवरून आरएनए लिहिणाऱ्या आरएनए पॉलिमरेजची वाट धरली, काहींनी ते लेखन थांबवणाऱ्या ऱ्हो या प्रथिनाची. दोन्ही बदल एकत्र क्वचितच आले. बघा, उष्णतेवरचा उपाय एखादे प्रथिन घट्ट करण्यात न येता सगळ्या जनुकांच्या वाचनाचा सूर बदलण्यात आला. हीच गोष्ट मिठासाठी कशी होते, आणि दोन्ही एकदम लावले तर कोणती वाट आधी उघडते, हे पाहायला मला फार आवडेल.

आपल्याकडचे सांगायचे तर खरे उष्ण आणि खरे खारट असे एकत्र मिळणे अवघड. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीतले उन्हवरे, या गावांची नावेच झऱ्यांवरून पडली आहेत. पाणी गरम आहे, पण क्षार मिठागराच्या मानाने फारच थोडे. लोणार उलटे: क्षार आणि पीएच दहाच्या आसपास, पण पाणी गरम नाही. जून 2020 मध्ये ते सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून मीठप्रेमी आर्किया हे कारण सांगितले. पाणी आटले, क्षार वाढले, आणि आधीपासून थोड्या संख्येने असलेले जीव भरभराटीला आले. त्या आठवड्यात लोणारमध्ये कोणाचे जनुक बदलले नव्हते, संख्येचा तोल बदलला होता. तुमच्या मिठागरात पावसाळ्यानंतर जानेवारीपासून मेपर्यंत जे घडते तेही हेच. दर पंधरा दिवसांनी एकाच वाफ्याचा नमुना घेतलात तर ते तुम्हाला दिसेल.

तुम्ही हे खरेच करणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. नुसते तापमान बदलून किंवा नुसते मीठ बदलून वाढ मोजू नका. चार तापमाने आणि चार मिठाची प्रमाणे घेऊन सोळा फ्लास्कचा चौकोन मांडा, कारण अनेक मीठप्रेमींना तापमान वाढले की मीठही जास्त लागते, आणि एकेरी प्रयोगात हे निसटते. पंचवीस टक्के मिठाच्या अगार प्लेट 45 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये उघड्या ठेवल्या तर चार दिवसांत त्यांवर मिठाचे चौकोनी स्फटिक बसतात आणि नवखा माणूस त्यांना वसाहती समजतो. प्लेट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, आत ओला कापूस ठेवा, आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. साध्या पीएच मीटरचे आकडे दाट सोडियममध्ये सरकतात, तेवढे वहीत नमूद करा. आणि मिठागरात जाल तेव्हा नमुन्याबरोबर त्याच वाफ्याचे पाणी आणखी दोन लिटर भरून आणा, गाळून ठेवा. पेशी धुवायला तेच वापरा.